जुने पेपर पॅटर्न: पाकिटावरचा साइझ कसा वाचायचा, कपडा कसा शिवायचा आणि कागद कसा जपायचा?

शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना आपण सोबत अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज देतो. त्याला आपण 'मापाचा ब्लाउज' म्हणतो. अमेरिका आणि युरोपात घरी कपडे शिवणाऱ्यांसाठी हेच काम दीडशेहून जास्त वर्षं कागद करत आला आहे. दुकानातून एक पाकीट आणायचं, त्यातले पातळ कागदाचे तुकडे कापडावर मांडायचे, त्यांच्या कडेने कापड कापायचं आणि शिवायचं. या कागदांना पेपर पॅटर्न म्हणतात.

१९३०, १९४० किंवा १९५० च्या दशकातले असे पॅटर्न आज अनेक जण शोधून विकत घेतात. काही जण ते फक्त साठवतात, तर काही जण त्यांवरून कपडे शिवतात. जुन्या पॅटर्नच्या नव्या प्रतीही बाजारात मिळतात.

यात नवख्या माणसाच्या दोन चुका ठरलेल्या असतात. पहिली, पाकिटावर छापलेला साइझ आजचाच समजून पॅटर्न घेणं. दुसरी, सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेला कागद थेट कात्रीखाली घालणं. पहिल्या चुकीत कापड वाया जातं. दुसरीत कागद जातो, आणि तो कदाचित त्या पॅटर्नचा शेवटचा उरलेला नमुना असू शकतो. या दोन्ही चुका कशा टाळायच्या, ते या लेखात पाहू.

पेपर पॅटर्न आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बायकांच्या मासिकांत कपड्यांच्या छोट्या आकृत्या छापल्या जात. त्या स्वतः मोठ्या करून घ्याव्या लागत. काही मासिकांसोबत एक मोठा कागद येई. त्यावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असत आणि हवी ती रेषा शोधून उतरवून घ्यावी लागे. न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट या 'मॅडम डेमोरेस्ट' नावाने १८६० च्या सुमारास कागदी पॅटर्न विकत होत्या.

वेगवेगळ्या मापांत तयार केलेले पॅटर्न मोठ्या प्रमाणावर विकण्याचं श्रेय मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावचे शिंपी एबेनेझर बटरिक यांना दिलं जातं. मुलासाठी कपडा बेतताना प्रत्येक वेळी माप लहान-मोठं करण्याचा त्रास त्यांच्या पत्नी एलेन यांनी बोलून दाखवला आणि त्यातून ही कल्पना निघाली, असं सांगितलं जातं. १८६३ मध्ये त्यांनी विक्री सुरू केली. सुरुवातीचे पॅटर्न पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे होते, बायकांचे कपडे नंतर आले.

पुढे या व्यवसायात अनेक नावं आली.

- १८७० मध्ये जेम्स मॅककॉल या स्कॉटिश शिंप्याने न्यूयॉर्कमध्ये आपली कंपनी काढली.
- १८९९ मध्ये 'व्होग' मासिकाने पॅटर्न द्यायला सुरुवात केली. मासिकातलं कुपन आणि ५० सेंट पाठवले की पॅटर्न घरी येई.
- १९२७ मध्ये 'सिम्प्लिसिटी' आली. तिचा पॅटर्न १५ सेंटला मिळे. त्या काळात इतर कंपन्यांचे पॅटर्न २५ सेंटपासून एक डॉलरपर्यंत असत.
- १९३२ मध्ये 'हॉलिवूड पॅटर्न्स' सुरू झाले. त्यांच्या पाकिटांवर सिनेनट्यांचे फोटो असत.
- १९५० मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबुर्गमध्ये एने बुर्डा यांनी 'बुर्डा मोडेन' हे मासिक काढलं. त्यात पॅटर्नचा मोठा कागद मासिकासोबतच येई.

१९३० च्या दशकातल्या मंदीत पंधरा सेंटचा पॅटर्न आणि स्वस्त कापड यांतून चारचौघींत घालून जाण्याजोगा फ्रॉक घरी तयार होई. कारकुनी किंवा दुकानात नोकरी करणाऱ्या मुलींना, लहान गावांतल्या बायकांना याच वाटेने शहरातली फॅशन परवडली. म्हणून हे कागद शिवणकामाच्या साहित्यापलीकडेही महत्त्वाचे आहेत. श्रीमंतांचे कपडे संग्रहालयांत पोहोचतात. सामान्य बाई घरी काय शिवू शकत होती, याची नोंद या पाकिटांत आहे.

कोऱ्या कागदावरची भोकं

सुरुवातीच्या पॅटर्नवर काहीच छापलेलं नसे. टिश्यू कागदाचे तुकडे आधीच आकारात कापलेले असत आणि सर्व खुणा म्हणजे कागदाला पाडलेली लहान-मोठी भोकं आणि कडेच्या खाचा. कुठली भोकं उभ्या धाग्याची दिशा दाखवतात, कुठली 'हा तुकडा कापडाच्या घडीवर ठेवा' असं सांगतात, कुठली टक्सची जागा दाखवतात, हे कंपनीनुसार बदले. त्याचा अर्थ पाकिटावर किंवा आतल्या सूचनापत्रात दिलेला असे. सविस्तर सूचनापत्र देण्याची सुरुवात बटरिकने १९१९ मध्ये केली.

१९२० च्या सुमारास मॅककॉलने छापील पॅटर्न आणले आणि त्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यामुळे इतर कंपन्या बराच काळ भोकांवरच राहिल्या. पेटंटची मुदत संपल्यावर त्या हळूहळू छपाईकडे वळल्या. व्होगचे पॅटर्न तर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात छापील झाले.

नवशिक्याने पहिला जुना पॅटर्न छापील घ्यावा. भोकांचा पॅटर्न घेतला आणि त्याचं सूचनापत्र हरवलेलं असलं, तर कुठला तुकडा कॉलरचा आणि कुठला कफचा, हे ओळखण्यातच दिवस जातो.

जुने पॅटर्न दुर्मीळ का?

पॅटर्न छापले तेव्हा लाखोंनी छापले गेले. पण ते टिकावेत म्हणून कोणी बनवले नव्हते. कागद अत्यंत पातळ, फॅशन वर्ष-दोन वर्षांत जुनी होणारी. काम झालं की पॅटर्न फेकला जाई. दुकानातून बाद झालेले पॅटर्नही नष्ट केले जात. जे उरलं, ते बहुतेक कोणाच्या तरी शिवणाच्या डब्यात विसरून राहिलं म्हणून.

कंपन्यांकडेही सगळं जपलेलं नव्हतं. व्होगने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या जुन्या डिझाइन्सची नवी मालिका सुरू केली, तेव्हा मूळ पॅटर्न उसने देण्याचं आवाहन संग्राहकांना करण्यात आलं. ज्या कागदांवर कंपनीचं नाव आहे, ते परक्यांच्या कपाटात सापडले.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात व्यापारी पॅटर्नचा मोठा संग्रह आहे. तो उभा करण्यात नाट्यवेशभूषेच्या अभ्यासक जॉय स्पॅनाबेल एमरी यांचा मोठा वाटा होता. या उद्योगाचा त्यांनी लिहिलेला इतिहास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाटक-सिनेमाचे वेशभूषाकार आणि जुन्या कपड्यांचं साल ठरवणारे अभ्यासक असे संग्रह वापरतात.

पाकिटावरून साल कसं ओळखायचं?

अनेक पाकिटांवर साल छापलेलं नसतं. नुसत्या पॅटर्न क्रमांकावर विसंबू नये, कारण कंपन्या काही वर्षांनी तेच क्रमांक पुन्हा वापरत. पुढच्या खुणा एकत्र पाहाव्यात.

- पत्ता: अमेरिकेत पाच अंकी झिप कोड १९६३ मध्ये आला. पाकिटावरच्या पत्त्यात तो असेल तर पाकीट त्यानंतरचं.
- किंमत: ब्रिटनने फेब्रुवारी १९७१ मध्ये दशमान चलन स्वीकारलं. त्यामुळे किंमत फक्त शिलिंग-पेन्समध्ये असेल तर पाकीट त्याआधीचं.
- कपड्याचा घाट: ब्रिटनमध्ये जून १९४१ ते मार्च १९४९ कपड्यांवर रेशनिंग होतं. अमेरिकेतही १९४२ मध्ये 'एल-८५' या आदेशाने स्कर्टचा घेर आणि इतर गोष्टींवर मर्यादा आणली. त्या वर्षांतले स्कर्ट अरुंद आणि बेताच्या लांबीचे दिसतात. पॅरिसमध्ये फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिश्चन डिओर यांचा 'न्यू लूक' आला आणि त्यानंतर घेर आणि लांबी वाढली.
- बंद करण्याची पद्धत: १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या फ्रॉकला बहुधा डाव्या कुशीत हुक, टिचबटणं किंवा चेन असते. पाठीवरची लांब चेन असेल तर पॅटर्न बहुतेक वेळा नंतरचा.

चित्रावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये. पाकिटावरच्या बाया प्रत्यक्षात कोणीही नसेल इतक्या उंच आणि सडपातळ काढलेल्या असतात. कपडा खरा कसा दिसेल, ते पाकिटामागच्या साध्या रेखाकृतीवरून कळतं. टक्स कुठे, जोड कुठे, चुण्या किती, हे तिथे दिसतं.

साइझ १४ म्हणजे नेमका किती?

सर्वांत जास्त कापड इथे वाया जातं. अमेरिकी पॅटर्नवरचा 'साइझ १४' हा आकडा तोच राहिला, पण त्यामागचं छातीचं माप बदलत गेलं.

- १९४० च्या दशकात साइझ १४ म्हणजे छाती ३२ इंच.
- १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साधारण १९६७ पर्यंत साइझ १४ म्हणजे छाती ३४ इंच.
- १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या नव्या मापांनंतर साइझ १४ म्हणजे छाती ३६ इंच.

म्हणजे एकाच आकड्यात चार इंचांचा फरक. दुकानातल्या तयार कपड्यांचे साइझ याहून वेगळे, त्यांची इथे तुलनाच करू नये. नियम सोपा आहे: साइझचा आकडा सोडून द्या आणि पाकिटावरची छाती, कंबर आणि सीट यांची इंचांतली मापं वाचा. हातात टेप घेऊन स्वतःची मापं नव्याने घ्या.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाकिटावरचं माप शरीराचं असतं, तयार कपड्याचं नाही. कपड्यात हालचालीसाठी सैलपणा वेगळा धरलेला असतो. आणि 'ज्युनिअर', 'मिस', 'विमेन', 'हाफ साइझ' हे शब्द वयापेक्षा शरीराच्या प्रमाणाबद्दल असतात: खांद्यापासून कंबरेपर्यंतची लांबी, उंची, अंगाचा भरीवपणा.

जुन्या काळी एका पाकिटात एकच साइझ मिळे. तीन-चार साइझच्या रेषा एकाच कागदावर छापण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून रुळली. त्यामुळे आपल्या मापाचा जुना पॅटर्न नेमका सापडणं हा नशिबाचा भाग असतो. मोठ्या मापांचे पॅटर्न तुलनेने कमी दिसतात.

मूळ पॅटर्न की नवी प्रत?

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात.

१. मूळ, न वापरलेला. कारखान्यात घातलेली घडी अजून उघडलेली नसते. संग्राहक यालाच सर्वाधिक किंमत देतात.

२. मूळ, वापरलेला. तुकडे कापलेले, टाचण्यांची भोकं पडलेली. शिवणाऱ्यासाठी हा स्वस्त आणि पुरेसा असतो. अभ्यासकाला तर तो जास्त बोलका वाटू शकतो. न वापरलेलं पाकीट एवढंच सांगतं की हा पॅटर्न विकला जात होता. वापरलेल्या पाकिटात मात्र पेन्सिलीने लिहिलेली मापं, लांबी वाढवण्यासाठी चिकटवलेली कागदाची पट्टी, कापडाचा नमुना, हरवलेल्या तुकड्याऐवजी वर्तमानपत्रातून कापलेला तुकडा असं काही सापडतं. त्या वर्तमानपत्रावरची तारीख म्हणजे पॅटर्न कधी वापरला गेला याचा पुरावाच. असे कागद साफसफाईत फेकू नयेत.

३. हुबेहूब प्रत. लहान व्यावसायिक मूळ पॅटर्न उतरवून त्याची नवी प्रत काढतात. मूळ खुणा, मूळ साइझ, बहुधा जुन्याच सूचना. कागद मजबूत असतो आणि कापायची भीती नसते.

४. कंपनीने नव्याने काढलेला. बटरिक, मॅककॉल, व्होग आणि सिम्प्लिसिटी या चारही नावांनी जुन्या डिझाइन्सवर आधारित पॅटर्न निघाले आहेत. बटरिकचा १९५२ चा 'वॉकअवे ड्रेस' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. पाठीकडून येणारा घेरदार स्कर्ट पुढे गुंडाळून बटणं लावायची, असा तो सोपा फ्रॉक. अशा पॅटर्नमध्ये आजचे साइझ आणि सोप्या भाषेतल्या सूचना मिळतात. पण मापं नव्याने बसवताना सैलपणा, टक्स, चेनची जागा यांत बदल झालेला असू शकतो. त्यामुळे चित्र जुनं असलं तरी कपड्याची बसण जुन्यासारखीच येईल, असं धरून चालू नये.

रोज घालण्याजोगा कपडा हवा असेल तर चौथा प्रकार सोयीचा. त्या काळच्या बेताचा अभ्यास करायचा असेल, किंवा नाटकासाठी त्या वर्षाचा अचूक घाट हवा असेल, तर पहिले तीन.

भारतातून परदेशी पॅटर्न मागवताना टपालखर्च पॅटर्नपेक्षा जास्त होऊ शकतो. त्यावर पीडीएफ प्रत हा उपाय आहे. ती घरी ए-फोर कागदांवर छापून चिकटवता येते किंवा नकाशे छापणाऱ्या प्लॉटरच्या दुकानातून एकाच मोठ्या कागदावर काढून घेता येते. छपाई १०० टक्के आकारातच हवी. पीडीएफवर मोजण्यासाठी एक चौकोन दिलेला असतो. आधी तेवढं एकच पान छापून चौकोन पट्टीने मोजा आणि मग बाकीची पानं छापा.

विकत घेताना काय पाहायचं?

- सगळे तुकडे आहेत का, हे विक्रेत्याने मोजून सांगितलं आहे का? पाकिटावर किंवा सूचनापत्रात तुकड्यांची यादी किंवा आकृती असते. कॉलर, कफ, गळ्याची आतली पट्टी असे छोटे तुकडे सर्वांत आधी हरवतात.
- सूचनापत्र आहे का? भोकांच्या पॅटर्नसाठी हे अत्यावश्यक.
- पाकीट आणि आतले कागद एकाच क्रमांकाचे आहेत का? घरोघरी पाकिटांची अदलाबदल होत आलेली आहे.
- आधीच्या मालकिणीने तुकडे लहान केले आहेत का? कडा वेड्यावाकड्या कापलेल्या असतील तर मूळ रेषा गेली आहे असं समजा.
- कागद पिवळा असणं चालतं. हात लावताच तुटत असेल, बुरशीचा वास येत असेल, तर तो घरातल्या इतर कागदांजवळ ठेवू नका.

शिवायचं कसं?

१. कागद सरळ करा. सपाट टेबलावर तुकडे उलगडा. घड्या जात नसतील तर इस्त्री अगदी मंद ठेवून, वाफेशिवाय, हलक्या हाताने फिरवा. आधी एका कोपऱ्यावर करून पाहा. काही कागद इस्त्री सोसत नाहीत.

२. नक्कल उतरवा. मूळ कागद कधीही कापू नका. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने रेषा, खाचा, भोकं, तुकड्याचं नाव, उभ्या धाग्याची खूण असं सगळं उतरवा. टाचण्यांऐवजी वजनं ठेवा, स्वयंपाकघरातले छोटे डबेही चालतात. दातेरी ट्रेसिंग व्हील मूळ कागदावर फिरवू नका, त्याने कागदाला भोकं पडतात. नक्कल झाली की मूळ पॅटर्न पाकिटात परत. पुढचं सगळं काम नकलेवर.

३. माया तपासा. आजच्या अमेरिकी पॅटर्नमध्ये शिलाईसाठी पाच-अष्टमांश इंच माया धरलेली असते. जुन्या पॅटर्नमध्ये ती तीन-अष्टमांश किंवा अर्धा इंच असू शकते. काहींत मुळीच नसते आणि युरोपीय मासिकांच्या कागदांवरही सहसा नसते. सूचनापत्र वाचा. नसेल तर खाचा आणि जोडाच्या रेषा मोजून अंदाज घ्या.

४. माप बसवा. समजा पॅटर्न ३२ छातीचा आहे आणि तुमची छाती ३६ आहे. फरक चार इंच. कागदावर पुढचा आणि मागचा भाग अर्धा-अर्धाच असतो, म्हणून प्रत्येक तुकड्यात एक इंच वाढवायचा. हा सगळा इंच कुशीच्या शिलाईला लावला तर खांदा आणि गळा जुन्याच मापाचे राहतात आणि मुंढा वेडावाकडा होतो. त्याऐवजी नक्कल खांद्यापासून कंबरेपर्यंत उभी कापा, तुकडे थोडे थोडे दूर सरकवा आणि मागे कागद चिकटवा. वाढ दोन-तीन जागी वाटून द्या. तेवढाच बदल बाहीत आणि स्कर्टमध्येही करा. लांबीचं माप वेगळं तपासा. पाठीची लांबी चुकली तर कंबर भलत्याच जागी येते.

५. मांजरपाटावर करून पाहा. चांगलं कापड कापण्याआधी स्वस्त मांजरपाटावर वरचा भाग कच्च्या टाक्यांनी शिवून अंगावर घाला. १९४० च्या दशकातल्या कपड्यांत खांद्याचे पॅड धरलेले असतात. ते नको असतील तर खांद्याचा उतार कमी-जास्त करावा लागतो. १९५० च्या दशकातला फ्रॉक आवळून बसणाऱ्या अंतर्वस्त्रांवर घालायचा म्हणून बेतलेला असतो. आजच्या अंतर्वस्त्रांवर तो घातला की छातीचे टक्स जरा वर आणि कंबर घट्ट वाटते. यात तुमच्या अंगाचा दोष नाही, टक्स खाली आणा आणि कंबर सैल करा.

६. कापडाचा हिशोब पुन्हा करा. जुन्या पाकिटांवरचा तक्ता बहुधा ३५ किंवा ३९ इंच पन्ह्यासाठी असतो, लोकरी कापडासाठी ५४ इंच. आपल्याकडे ४४ आणि ५८ इंच पन्हा सहज मिळतो. जमिनीवर तेवढ्या रुंदीत तुकडे मांडून लांबी मोजा. माप यार्डात असेल तर एक यार्ड म्हणजे ३६ इंच, साधारण ९१ सेंटिमीटर. साडेतीन यार्ड म्हणजे ३.२ मीटर. माप वाढवलेलं असेल तर कापडही वाढवून घ्या. १९३० च्या दशकातले उरेब बेताचे कपडे असतील तर जास्तच लागतं.

७. कापड पोतानुसार निवडा. पाकिटावर 'क्रेप' लिहिलेलं असेल तर अंगावरून सरळ पडणारं कापड हवं, तिथे व्हिस्कोस क्रेप चालेल. उन्हाळी सुती फ्रॉकसाठी केम्ब्रिक किंवा पॉपलिन चालतं. सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात माप जाईल.

कागद जपायचा कसा?

आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळा हा या कागदांचा मोठा शत्रू आहे. ओल, कसर आणि झुरळं यांपासून ते वाचवायला हवेत.

- टाचण्या, क्लिप आणि स्टेपल काढून टाका. त्या गंजतात आणि डाग पाडतात.
- फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते.
- आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा पेटी मिळाली तर उत्तम. भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटापेक्षा आतली कोरडी जागा बरी.
- पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा आणि सूचनापत्राचा फोटो काढून ठेवा. नंतर फक्त डिझाइन पाहायचं असेल तर पाकीट उघडावं लागत नाही.

कॉपीराइटचं काय?

स्वतःच्या वापरासाठी नक्कल उतरवून कपडा शिवणं, हे पॅटर्नचं कामच आहे. पॅटर्नच्या प्रती काढून विकणं मात्र वेगळी गोष्ट. अमेरिकेत १९२९ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या छापील साहित्याचा कॉपीराइट संपलेला आहे. त्यानंतरच्या पॅटर्नचं चित्र, सूचना आणि मजकूर यांवर हक्क असू शकतो, आणि कंपनीचं नाव व ट्रेडमार्क हे आणखी वेगळे. विक्रीचा विचार असेल तर आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आपल्या घरातले कागद

तयार पॅटर्नची पाकिटं आपल्याकडे फारशी रुळली नाहीत. शिंपी जवळ होता, आणि मापाला द्यायला ब्लाउज होता. पण शिवणक्लासला गेलेल्या बायकांनी ब्राऊन पेपरवर ड्राफ्टिंग केलं, वह्यांत मापं लिहिली, ब्लाउजचे, परकराचे, झबल्याचे कागद कापून ठेवले. ते कुठल्याही कंपनीने छापलेले नाहीत, म्हणजे प्रत्येकाची एकच प्रत. आणि शिवणयंत्र विकताना त्याच्या खणातले कागद सहसा रद्दीत जातात.

घरात असे कागद असतील तर वरचेच नियम लावा. कोणी काढले, कोणाच्या मापाचे, साधारण कुठल्या साली, एवढं पेन्सिलीने मागे लिहा. फोटो काढा. आणि आजीच्या कागदावरून ब्लाउज शिवायचा असेल तर जरूर शिवा, फक्त आधी त्याची नक्कल उतरवा.